सुईने रोजा मोडत नाही

रुदैनाला दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, की बाई, तू झोपतेस तरी कधी? विचारलं असतं तरी तिला धड उत्तर देता आलं नसतं. सकाळी जॉर्डनमधल्या इर्बिदच्या नर्सिंग कॉलेजात तास, नाहीतर इस्पितळात वॉर्ड. दुपारनंतर उम्म नाइफच्या दुकानात कूसा, म्हणजे लहान कोवळ्या भोपळ्या, पोखरायच्या आणि द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायचा. घरी आलं की सासू, चार वर्षांची लेक तालीन आणि धुण्याचा ढीग. शहरातल्या नोकरदार बायकांना भरलेली कूसा खायला आवडते, करायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी उम्म नाइफ सगळं तयार करून किलोवर विकायची, आणि त्यातून रुदैनाची फी भागायची. हातांना खारवलेल्या पानांचा वास इतका बसला होता, की वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, आज जेवायला काय आणलंस म्हणून. सगळा वॉर्ड हसला. रुदैनाही हसली, आणि मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासत बसली.

नवरा हैसम अकाबा बंदरावर ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं एक वाक्य पाठ होतं. माझ्या आईची आणि पोरीची आबाळ झाली, तर त्या दिवशी तुझं कॉलेज बंद. फोन ठेवता ठेवता तो हे ऐकवायचाच, जसे दुसरे लोक सांभाळून राहा म्हणतात.

बाजू घ्यायची ती सासू. उम्म हैसमने, म्हणजे हैसमच्या आईने, लेकाला चार लोकांत खडसावलं होतं, की तुझ्या ट्रकचं टायर फुटलं तर दुसरं मिळतं, तुझी नोकरी फुटली तर घरात दुसरं काय आहे? म्हातारीला साखरेचा आजार होता, आणि ती इन्सुलिनची सुई घ्यायची ती फक्त सुनेच्या हातून. गल्लीत सांगत सुटायची, माझ्या रुदैनाचा हात इतका हलका, की टोचलं कधी ते कळतसुद्धा नाही. त्या दोघींत एकदाच बिनसलं होतं, गेल्या रमजानात. डॉक्टरने रोजे धरू नका म्हणून सांगितलं आणि रुदैनाने ते अक्षरशः पाळायला लावलं. बदल्यात गरिबाला जेवू घालावं अशी रीत आहे, तेही केलं. पण म्हातारी महिनाभर फुगून बसली. दुसऱ्याने जेवून माझा रोजा कसा फिटतो, हे मला कुणी तरी समजावून सांगा, म्हणायची.

आणि आता तो दिवस उजाडला होता, ज्यासाठी दोन वर्षं हाडांची काडं केली. वॉर्डातली शेवटची परीक्षा. तालीनच्या तापात आणि ईदच्या मागणीत रुदैनाच्या सुट्ट्या संपल्या होत्या. मिस सिहाम, त्यांची वॉर्डाची शिक्षिका, सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती, "रुदैना, आता तुझ्याकडे एकही दिवस उरलेला नाही. मरायचं असेल तर वॉर्डात येऊन मर." आज चुकली तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर पुन्हा फी, पुन्हा वर्षभर दुकान, आणि हैसम ते होऊ देणार नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी तिने सासूच्या पोटाला सुई दिली. ट्रेमध्ये रोटी, घट्ट दह्याचं लबने, उकडलेलं अंडं आणि चहा ठेवला.

"मावशी, लगेच खाऊन घ्या हं," ती सासूला म्हणाली.

"जा गं तू. बस निघून जाईल."

रोज ती पहिला घास होईपर्यंत थांबायची. परीक्षेच्या घाईत गेले दोन दिवस थांबली नव्हती, आजही थांबली नाही. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटली, आणि रुदैना पांढरा कोट हातावर टाकून धावत सुटली.

बस भरेपर्यंत हलत नाही, तशी ती त्या दिवशीही हलली नाही. शेवटची सीट भरली तेव्हा कुठे निघाली. रुदैना मनात औषधांची नावं घोकत होती. मागच्या सीटवर दोघी बायकांचं चाललं होतं. एक म्हणत होती, "शाबान संपत आला बाई, रमजान दारात आहे, आणि माझे गेल्या वेळचे दोन रोजे अजून फेडायचे राहिलेत." दुसरी म्हणाली, "मी तर नवऱ्याला सांगतही नाही. गुपचूप धरते आणि मोकळी होते."

रुदैनाचं घोकणं थांबलं.

काल संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा मावशी ताटावर बसलेल्या होत्या आणि सूप बाजूला ठेवून आधी खजूर खात होत्या, रोजा सोडताना खातात तसा. परवाही खजूरच. दुपारी जेवलात का विचारलं तर म्हणाल्या होत्या, अल्लाची कृपा आहे. धड होयही नाही, धड नाहीही नाही. साखरेच्या पेशंटने खजूर खाल्ला म्हणून रुदैना त्यांच्यावर चिडलीसुद्धा होती. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता, कारण डोक्यात जागाच नव्हती.

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा तालीनने उचलला.

"तेताला दे." तालीन आजीला तेता म्हणायची.

"तेता झोपली. तिला खूप घाम आलाय. मी हलवलं तर मला फौझिया म्हणते."

फौझिया ही उम्म हैसमची बहीण, मरून वर्षं झाली होती. रुदैनाने रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी लांब आहे, निघते आहे, म्हणाले. शेजारणीचा फोन बंद. आणि समोर इर्बिदच्या पहिल्या इमारती दिसायला लागल्या. इस्पितळ आता दोन थांब्यांवर होतं.

तेव्हा तिला एक क्षण वाटलं, की बसून राहावं. रुग्णवाहिका पोहोचेलच. कुणीतरी शेजारीण डोकावेलच. दोन वर्षं मी सगळ्यांकडे पाहिलं, आज कुणीतरी माझ्याकडे पाहा. तिला खरंच असं वाटलं, आणि त्या क्षणाची तिला पुढे कायम लाज वाटत राहिली. मग ती ओरडली, गाडी थांबव. उलट्या दिशेने कोबी घेऊन जाणाऱ्या एका पिकअपपुढे ती अक्षरशः आडवी झाली. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, पांढरा कोट पाहिला आणि दार उघडलं.

घरी ट्रे जसाच्या तसा होता. चहावर साय धरलेली. म्हातारी दिवाणावर कुशीवर पडलेली, चेहरा राखेसारखा, कपडे घामाने चिकटलेले. बोटाला टोचून पाहिलं तर साखर चौतीस. काकवीच्या बरणीचं घट्ट झाकण रुदैनाने दातांनी उघडलं. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. बोटाने गालाच्या आत चोळायचं असतं. तिने बोट काकवीत बुडवून ओठांशी नेलं.

म्हातारीने दात आवळले.

"मावशी, तोंड उघडा."

"मग़रिब... व्हायची आहे," म्हातारी म्हणाली. जीभ जड, पण शब्द साफ. सूर्यास्ताच्या नमाजेची वेळ झाल्याशिवाय ती रोजा सोडणार नव्हती.

रुदैनाने सांगून पाहिलं, की आजाऱ्याला देवाने सूट दिली आहे. देव कुणाचा जीव मागत नाही. हैसमची शपथ घातली, तालीनची घातली. म्हातारीचे दात घट्टच. बाकी सगळी शुद्ध गेली होती, पण तेवढी एक गाठ तिने मनाशी बांधून ठेवली होती आणि ती काही केल्या सुटत नव्हती. रुदैना रडत होती, विनवत होती, आणि म्हातारीचे डोळे हळूहळू वर फिरायला लागले होते.

मग रुदैना उठली. तिने खिडकीची शटरं खाली सोडली, एक, मग दुसरं. सकाळच्या उन्हात खोली काळोखी झाली. तिने मोबाइलवर अजान लावली आणि तो म्हातारीच्या कानाशी धरला.

"मावशी, अजान झाली. मग़रिब झाली. रोजा सोडा."

"तेता, अजान झाली," अंधारात तालीनही म्हणाली. पोरीला ते खरंच वाटलं होतं.

म्हातारीचे ओठ हलले. रोजा सोडतानाची दुआ तिने पुटपुटली, सबंध पुटपुटली, रुदैनाला वाटलं आता म्हातारी दुआ संपायच्या आतच संपणार. मग तिने लहान मुलासारखं तोंड उघडलं.

रुग्णवाहिकेतली माणसं आली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि साखर शंभरावर गेली होती. इस्पितळात यायला तिने साफ नकार दिला. ती माणसं तपासून, सही घेऊन गेली. रुदैनाने शटरं वर केली. बाहेर लख्ख ऊन होतं. म्हातारीने खिडकीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि तिला कळलं.

"मशिदीतल्या शेखला विचारलं होतं मी," ती म्हणाली. "सुईने रोजा मोडत नाही, म्हणाला."

"आणि सुई घेऊन जेवलं नाही तर माणूस मोडतो, हे नाही विचारलंत?"

म्हातारीची नजर सुनेच्या पांढऱ्या कोटावर गेली. मग एकदम दचकून म्हणाली, "तुझी परीक्षा?"

त्याच वेळी मिस सिहामचा फोन आला. रुदैनाने जे झालं ते सांगितलं.  मग मिस सिहाम, जिने आजवर कुणाला पाण्याचा घोटही पिऊ दिला नसेल, ती मऊ आवाजात म्हणाली, की घरच्या माणसाचा जीव जात असेल तर वेगळी गोष्ट. रुग्णवाहिकेचा कागद घेऊन ये, दुपारच्या तुकडीत बसवते तुला. वर सांगायला मला एवढंच कळू दे, सुई कोणी दिली होती?

फोनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. म्हातारीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सांग, मी घेतली. जोरजोरात मान हलवत होती. सांग ना, मी घेतली, म्हातारीने, माझ्या हाताने.

एवढं बोलायला काहीच लागत नव्हतं. पण दोन वर्षं रुदैनाने वॉर्डात हेच पाहिलं होतं, की सुई कोणी दिली, कधी दिली, याबद्दल कुणी एकजण खोटं बोलतो आणि त्यावर दुसरा पुढची सुई देतो. तिने म्हातारीकडे पाठ फिरवली. मग ती म्हणाली, "मी दिली, मिस. ताट समोर ठेवलं होतं. खाताना मी पाहिलं नाही."

"पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं मी हे."

"हो."

"मग मी तुला कशी पास करू?" मिस सिहामचा आवाजही थकला होता. "दुपारी येऊ नकोस. नव्या वर्षी पुन्हा नाव घाल."

फोन बंद झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नव्या वर्षी हैसम काय म्हणेल ते दोघींनाही ऐकल्यासारखं माहीत होतं. रुदैना जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडली, तालीन पाहते आहे याचीही तिला फिकीर राहिली नाही.

 म्हातारी कडवट आवाजात म्हणाली, "देवाच्या अजानीबद्दल माझ्याशी खोटं बोलताना तुझी जीभ अडखळली नाही. आणि त्या बाईपुढे खरं बोललीस?"

रुदैनाने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"तुम्ही मरत होतात, मावशी," ती म्हणाली. "ती मरत नव्हती."