मूठमाती

"ये देखिए! किसी नन्हे राजकुमार का कड़ा!" टीव्हीतला निवेदक ध्रुव ओरडला आणि मातीने माखलेला चांदीचा वाळा त्याने कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरला. मागे ढोल वाजले.

गजाननरावांनी घाईघाईने चॅनेल बदललं.

बदललं नसतं तर अनुसयाबाईंच्या लक्षातही आलं नसतं. गुप्तधन शोधायचा, रोज थेट दाखवला जाणारा हा कार्यक्रम त्या भाजी निवडता निवडता नुसत्या कानांनी बघायच्या. पण विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाने याचा एक भाग चुकवला नाही, त्याने तो असा मध्येच का बदलावा? त्यांनी रिमोट ओढून घेतला आणि परत लावलं. वाळ्याची कडी तुटकी होती आणि तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती. खाली पट्टीवर जागेचं नाव होतं: जयपूरजवळच्या बस्सीची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर.

"ही तार तुम्ही बांधली होती. पंख्यातली."

गजाननरावांनी रिमोटसाठी हात पुढे केला.

"म्हणजे तिथं पुरलंत? बस्सीच्या बावडीमागं?"

"अनू, रीतच तशी असते..."

"चुलीत घाला ती रीत!"

त्यांचं पहिलं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलं. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुषच जातात. जयपूर बदलीचं गाव, जवळचं कुणी नाही. गजाननराव ऑफिसच्या शिपायाला घेऊन गेले आणि परत येऊन, अंघोळ करून जेवायला बसले. कुठे पुरलं ते कधी सांगितलं नाही. विचारलं की "विसर आता" एवढंच. पुढे मुलगा निनाद झाला, शिकून पुण्याला गेला, जयपुरातच प्रताप नगरात घर झालं. बाई मात्र जयपूरबाहेर कुठल्याही रस्त्याने बस निघाली की माळाकडे बघत राहायच्या. आणि जे आईला सांगायचं नव्हतं, ते या मेल्यांनी साऱ्या देशाला ढोल वाजवून दाखवलं.

सकाळी दोघं बस्सीला पोचले तेव्हा शूटिंग चालूच होतं. तोच खड्डा आणखी रुंद करत होते.

"बंद करो ये!" अनुसयाबाई ओरडल्या. "मेरा बच्चा है इधर. वो वाळा मेरे बच्चे का है."

ध्रुव हसला. "माताजी, प्रूफ क्या है?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. "सांगा की. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलंत, आता काढा."

गजाननरावांनी खाली बघतच सांगितलं, "बच्चा हमारा है. तार मैंने बांधी थी. गाड़ा भी मैंने ही."

ध्रुवचे डोळे चमकले. त्याने कॅमेरावाल्याला खूण केली. "माताजी, कमाल! यही बात थोड़ा रोते हुए? इधर, लाइट में?"

बाईंनी कॅमेऱ्याच्या काचेवर पंजाच ठेवला. "माझं लेकरू म्हणजे तमाशा वाटला काय रे तुला, मुडद्या?" मराठी त्याला कळली नसेल, पण तो मागे सरला.

खड्ड्यात खणणाऱ्या सुखदेव नावाच्या मजुराने फावडं टाकलं. वर येऊन त्याने ट्रेमधला वाळा उचलला आणि बाईंच्या हातात दिला.

"अरे, क्या कर रहा है?" ध्रुव खेकसला.

"बच्चों को तो हम भी गाड़ते हैं, साब," सुखदेव म्हणाला. बाकीचे मजूरही एकेक करून वर आले.

"और कुछ निकला था क्या, भैया?" बाईंनी विचारलं.

"ना, माई. बस मिट्टी थी."

बाई साडी खोचून खड्ड्यात उतरल्या. कुणी धरायला आलं तर हात झिडकारला. वाळा तळाशी ठेवला, पदराने पुसला, परत ठेवला. त्यावर पहिली मूठ टाकली. मग दुसरी. ओरडून बसलेल्या आवाजात त्या काहीतरी पुटपुटत होत्या, ते त्यांच्यापुरतंच होतं.

गजाननराव काठाशी येऊन बसले. गुडघे दुखत असूनही वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलली.

"तुमची देऊन झालीय," वर न बघता बाई म्हणाल्या.

त्यांनी मूठ उघडली आणि माती होती तिथेच पडू दिली.