वाडग्यासमोर दिलेला शब्द

मी एक जुना पितळी वाडगा आहे, मित्रांनो. चांदीचा असतो तर काचेच्या कपाटात मिरवलो असतो. नगरकडच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याचे घाव अजून माझ्या अंगावर दिसतात. सुरुवातीची काही वर्षे माझ्यात हरभऱ्याची डाळ भिजत असे. मग आमचे घर कांजूरमार्गला आले आणि घरच्या आजोबांनी मला इथल्या लहानशा मराठी चर्चला देऊन टाकले. तेव्हापासून माझ्यात फक्त बाप्तिस्म्याचे पाणी असते.

काम तसे सोपे. आई लेकरू घेऊन पुढे येते. पाळकसाहेब माझ्यातले पाणी तीन वेळा त्याच्या डोक्यावर घालतात. लेकरू भोकाड पसरते, लोक हसतात. पण त्याआधी एक गोष्ट होते, तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. लेकराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने शब्द दुसऱ्यांनी द्यायचा असतो. आईबापांचा देऊन झाला की पाळकसाहेब सगळ्या मंडळीला उभे करतात आणि विचारतात, "या बालकाला वाढवायला तुम्ही हातभार लावाल काय?" सगळे एका सुरात म्हणतात, "होय, देवाच्या साहाय्याने लावू." म्हणजे त्या दिवसापासून ते लेकरू एका घरचे राहत नाही, सगळ्यांचे होते. मला या वाक्याचा फार अभिमान होता. पाणी काय, नळालाही येते.

पाच वर्षांपूर्वी अस्मिता आपल्या प्रांजलला घेऊन आली. ती एका इस्पितळात आयाचे काम करते. नवरा सोडून गेलेला, त्यामुळे एकटीच उभी होती. प्रांजलच्या डोक्यावर इतके दाट जावळ, की पाणी आत पोचेचना. ती रडलीही नाही. उलट माझ्यात हात घालून तिने असे पाणी उडवले, की पाळक काशीराम यांचा चष्मा भिजला. मंडळी उभी राहिली आणि म्हणाली, "होय, लावू."

पोर चार वर्षांची झाली आणि तिला सांभाळणारी शेजारीण कायमची गावी निघून गेली. एका रविवारी उपासना संपल्यावर अस्मिताने मंडळीचे सेक्रेटरी हर्षदभाऊ यांना गाठले.

"भाऊ, माझी ड्युटी बदलत असते ना. कुणी प्रांजलला रोज चार-पाच तास बघेल का?"

"अगं, नाव दे ना तिचं. प्रार्थनेच्या यादीत टाकतो. सगळी मंडळी प्रार्थना करेल. तू टेन्शन नको घेऊस."

हीच आमच्या मंडळीची खोड, मित्रांनो. कुणाची नोकरी गेली, टाका यादीत. कुणी अंथरुणाला खिळले, टाका यादीत. यादीत नाव गेले की आपले काम झाले, असे सगळ्यांना मनापासून वाटते. माणसे वाईट नाहीत. वाईट असती तर मला एवढे लागले नसते.

ऑगस्टातल्या एका रविवारी प्रांजलला ताप होता. अस्मिताला सुट्टी मिळाली नाही. तिने पोरीला औषध पाजले, खोलीला बाहेरून कुलूप लावले आणि ती सकाळच्या ड्युटीला गेली. दहा वाजता हर्षदभाऊंनी यादी वाचली. "अस्मिताबाईंची मुलगी प्रांजल." सगळे म्हणाले, "आमेन." मी पुढच्या मेजावर होतो, मीही ऐकले. चर्चपासून ती खोली पायी सात मिनिटांवर आहे. दुपारी आई परतली तेव्हा पोर शुद्धीवर नव्हती. मंगळवारी ती गेली.

मयताला झाडून सगळे आले. फुले आली, जेवणाचे डबे आले, हर्षदभाऊ तर ढसाढसा रडले. वरातीमागून घोडे! आईने कुलूप का लावले, असे पुष्कळांनी हळू आवाजात विचारले. आधी कुणी काही विचारले नव्हते.

यंदा जानेवारीत सपना आणि मिथुन आपल्या चैतन्यला घेऊन आले. मला चिंच लावून लख्ख घासले होते. काशीरामांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मंडळी उभी राहिली. अस्मिताची दुपारची ड्युटी होती, म्हणून ती गणवेशातच आली होती. मागच्या बाकावर ती बसूनच राहिली.

"होय, देवाच्या..." लोकांनी सुरुवात केली.

"नका म्हणू," अस्मिता म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "माझ्या पोरीच्या वेळेस पण म्हणाला होतात."

कुणीतरी खोकले. हर्षदभाऊ घड्याळ बघू लागले. काशीरामांच्या हातातले पुस्तक खाली आले.

"मीही म्हणालो होतो, बाई," ते कसेबसे म्हणाले.

तेवढ्यात चैतन्यला छातीशी धरून सपना माझ्यापासून एक पाऊल मागे सरली.

"पाळकसाहेब, जरा थांबा. पुढच्या महिन्यापासून मी कामावर जाणार. मिथुनच्या शिफ्टचा काही नेम नाही." मग ती मंडळीकडे वळली. "मला नुसतं 'होय' नको. कोणत्या वारी याल, तेवढं सांगा."

चाळीस माणसे उभी होती. ती एकमेकांकडे बघू लागली, मग आपापल्या पायांकडे. मी काठोकाठ भरलेला होतो आणि मला कुणीतरी ओतून टाकावे असे वाटत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"गुरुवार," मागून आवाज आला. अस्मिता उभी राहिली होती. "गुरुवारी माझी सुट्टी असते. मी येईन."

सपनाला रडू कोसळले. काशीरामांनी आणखी वाट पाहिली, बराच वेळ पाहिली. दुसरा वार कुणी सांगितला नाही. शेवटी त्यांनी माझ्यातले पाणी घेतले आणि चैतन्यच्या डोक्यावर घातले.

मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका, मी आणखी शंभर वर्षे टिकेन. लेकरे तशी टिकत नाहीत. तुमच्यापुढे एखादे लेकरू आणले आणि सगळे उभे राहिले, तर 'होय' म्हणायची घाई करू नका. आधी आपला वार ठरवा. चैतन्यचे सहा वार अजून रिकामे आहेत.