डिंकबाई

माईंच्या मते शाळेतल्या त्या मदतनीस बाईला पगार मिळत होता तो कामाचा नव्हे, चिकटण्याचा.

"माणूस आहे की डिंक?" जेवताना माई सुनेला म्हणाल्या. "आपल्या मुंगीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते. पोरीनं तोंड उघडायच्या आत हिचं उत्तर तयार! हजेरीलासुद्धा हीच 'हजर' म्हणते. शाळेत मुंगी जाते की ही बया?"

हे बोलत असताना माई स्वतः मुंगीला घास भरवत होत्या. सुनेला ते दिसत होतं. पण सून शहाणी, तिने नुसतं पाणी ओतलं.

मुंगी म्हणजे माईंची नात. डोकं तल्लख, पण शब्द ओठांवर यायला वेळ लागायचा आणि बोटंही सावकाश चालायची. म्हणून तर वर्गात मदतनीस दिली होती. आणि आता मोठ्या बाईंनी निरोप धाडला होता: पोर स्वतःहून काहीच करत नाही, असंच चाललं तर पुढच्या वर्षी तिला लांबच्या वेगळ्या शाळेत घालावं लागेल.

माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची नात आणि नाकर्ती? शक्यच नाही. दोष त्या डिंकबाईचा, आणि तिला रंगेहाथ पकडायचं.

दुसऱ्या दिवशी माई पदर खोचून वर्गात हजर. कागदाची पानं कापून भिंतीवरच्या झाडाला चिकटवायचं काम चाललं होतं. बसायला होत्या त्या पोरांच्याच खुर्च्या. माईंनी हात असलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यात स्वतःला थाटात कोंबलं.

समोर डिंकबाई मुंगीचं पान कापत होती. कड कशी सुबक! मुंगी जांभया देत होती.

"सापडलीस!" म्हणत माई उठल्या. खुर्चीही उठली.

वर्ग हसून लोळला. वर्गाच्या बाईंनी मागून खुर्ची धरली, डिंकबाईने धावत येऊन पुढून हात धरले.

"अगं, हळू! उपटायला मी काय मुळा आहे?"

एवढ्यात मुंगीशेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने मुंगीची कात्री हळूच उचलली. मुंगीने सवयीने बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. आजीकडे पाहिलं. आजी कामाची नव्हती. बराच वेळ गेला. कोणी घाई केली नाही, कारण कोणाला फुरसतच नव्हती.

"मेले," मुंगी एकेक अक्षर चघळत म्हणाली, "ठेव... माझी... कात्री."

"बाई! ही मला मेले म्हणाली!"

गोंधळ ऐकून मोठ्या बाई दारात येऊन उभ्याच होत्या. "कोण म्हणालं?"

"मुंगी!"

"मुंगी बोलली?"

"बोलली कुठे, शिवी दिली!" वेण्यांवालीचा स्वर रडवेला झाला. कात्री मात्र तिने परत केली.

मुंगीने पान कापलं. शेळीने चावून टाकल्यासारखं दिसत होतं. वेण्यांवालीने रागारागाने डिंकाची बाटली तिच्याकडे सरकवली. "आणि उलटं लावू नकोस, मेले."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "वेगळ्या शाळेचं आता राहू द्या. पण आजी, ही भाषा पोर शिकली कुठे?"

माई छताकडे बघू लागल्या.

डिंकबाईचे डोळे मात्र भरून आले होते. "मला वाटायचं, मी बाजूला झाले की तिचं अडेल, ती रडेल..."

माईंनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. खुर्ची अजून तशीच, मागे बिऱ्हाड करून.

"डोळे पूस. तू वाईट नाहीस गं. तू अगदी माझ्यासारखी आहेस, हीच तर पंचाईत. उद्यापासून तू त्या खिडकीपाशी बसायचं आणि पोरीनं हाक मारल्याशिवाय जागचं हलायचं नाही. घरी तिचा घास तीच खाईल. सांडला तर सांडला. आणि चिकटायची एवढी हौसच असेल, तर आत्ता या खुर्चीला चिकट आणि ओढ!"