कपाळावर उघडणारा डोळा

दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचं चित्र होतं. पद्मासनात बसलेला तपकिरी माणूस, कण्यावरून चढणारा नाग, डोक्यावर हजार पाकळ्या, भोवती गरगरल्यासारखी वाटणारी वर्तुळं. जगातल्या सगळ्या पंथांची चिन्हं एकाच मोटेत बांधलेली. चित्रकाराला लोक चित्रगुरू म्हणत. रानातली कसलीशी अळंबी खाऊन तो तीन दिवस पडून होता, तेव्हा म्हणे त्याला हे चित्र दिसलं. तेव्हा खरं तर त्याला डॉक्टर दिसायला हवा होता.

"तुमची कंपनं चित्राच्या कंपनांत विरघळू द्या," तो खर्जात म्हणाला. "डोळे मिटा. ज्याच्या आतलं विष सरेल, त्याच्यासाठी तिसरा डोळा उघडेल."

पिवळ्या उजेडात सगळे डोळे मिटून गुणगुणू लागले. बऱ्याच वेळाने डोळे उघडले, तर चित्रातल्या माणसाच्या मघाच्या कोऱ्या कपाळावर हिरवागार डोळा. लोक हुंदके देऊ लागले. माझी ताईसुद्धा.

रडायला मलाच खरं कारण होतं. हा डोळा पहिल्यांदा दिसला त्याच दिवशी चित्रगुरूच्या सांगण्यावरून ताईने फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्याला पाच आठवडे झाले. आम्ही दोघी कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहोत. ती उकळत्या रंगाच्या हौदाशी उभी असते. तिथे फिट आली तर ती आतच जाईल.

"ताई, निदान डॉक्टरांना विचार," घरी आल्यावर मी म्हणाले.

"त्यांना काय कळतंय? विष सरलं म्हणून मला डोळा दिसला."

"मग मला कसा दिसला? माझं तर सगळं शिल्लक आहे."

"ते तुझ्या जिभेवर आहे," असं म्हणून ती भाजी चिरायला बसली.

पण एक गोष्ट मला खटकली होती. डोळे मिटले तेव्हा उजेड पिवळा होता, उघडले तेव्हा पांढरा. आमच्या गोदामात तसाच पिवळा दिवा आहे. त्याच्याखाली कापडाची छटा कधी पारखायची नाही, खिडकीशी जायचं, हे नव्या कामगारांना ताईच दटावून सांगते. एकाने ऐकलं नव्हतं, तर तपकिरी कापडाच्या ठाणांत हिरवी ठाणं बांधली गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी गोदामातल्या त्या दिव्याखाली एकसारख्या दिसणाऱ्या चिंध्या जुळवत बसले. तपकिरी तुकड्यावर हिरवा ठिपका शिवला आणि पुढच्या बैठकीत तो ताईच्या हातात ठेवला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तपकिरी चिंधी."

"आज डोळे मिटू नकोस. हिच्याकडे बघत राहा."

गुणगुण सुरू झाली. दिवा इतका हळूहळू पांढरा होत गेला की सहज कळूही नये. ताईच्या हातात हिरवा ठिपका उमटला. तिने वर पाहिलं. कपाळावरही डोळा उमटत होता. तिचा चेहरा उतरला. छटा पारखण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नाही, आणि तिलाच गोदामातल्यासारख्या दिव्याने फसवलं होतं.

"भगिनी, डोळे मिटा," गुरू म्हणाला.

ताई उठली, सरळ खिडकीपाशी गेली आणि जाड पडदा ओढला. भरदुपारचं ऊन चित्रावर पडलं. डोळा टक्क उघडा होता.

"आता पाहिजे तेवढे मंत्र म्हणा," ती म्हणाली, "आणि हा मिटून दाखवा."

"उन्हाने ऊर्जा भंगते. पडदा लावा."

"माझ्या गोळ्या बंद करताना कोणती ऊर्जा होती?"

गुरूऐवजी लोकच आमच्यावर धावून आले. एका बाईने पडदा पुन्हा ओढून घेतला. बाहेर येताच ताईने डॉक्टरांना फोन लावला. "चूक झाली माझी. गोळ्या कशा सुरू करू? आणि हौदापासून किती दिवस लांब राहू?"

आत गुणगुण पुन्हा सुरू झाली होती. तिथे बसलेल्यांना, आणि तुम्हालाही, माझं एवढंच सांगणं आहे. चित्र आवडलं तर खुशाल बघा. पण जो माणूस खिडकी उघडू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका.