पुण्याहून येताना

उम्मेहानी कॉलेजात जाऊ लागली आणि कामशेतच्या बाजारपेठेतल्या बायकांना पुणं एकदम जवळ आल्यासारखं वाटू लागलं.

तिचे वडील नूरमहंमद यांचं स्टेशनच्या रस्त्यावर तांदळाचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. मुलगी चांगल्या मार्कांनी मॅट्रिक झाली, तेव्हा त्यांनी फारशी चर्चा न करता रेल्वेचा पास काढून तिच्या हातात ठेवला. एकसष्ट-बासष्टचा सुमार. रोज पुण्याला जाऊन शिकणारी पेठेतली ती पहिलीच मुलगी.

पहिल्यांदा आल्या शेजारच्या पुतळाबाई. हातात पोलक्याच्या कापडाची चिंधी होती.

"येवढं अस्तर आन बाई येताना. हितं ह्यो रंग गावत न्हाई."

उम्मेहानीनं आणलं. रंग इतका बरोबर जुळला की पुतळाबाईंनी ते अस्तर चार घरी दाखवलं. मग कुणाला दम्याचं औषध हवं झालं, कुणाला चष्म्याची मोडलेली काडी बसवून, कुणाला बोहरी आळीतलं जरीचं रीळ. निरोप येत ते तिच्या आईकडं, मदिनाकडं. मदिना हसून हो म्हणायची आणि सकाळी डब्याबरोबर एखादी चिंधी नाहीतर मोडकी वस्तू लेकीच्या पिशवीत टाकायची.

उम्मेहानीचा दिवस आधीच भरलेला होता. पहाटे पाणी, भाकऱ्या, मग पॅसेंजर. सकाळचे तास संपले की दुपारच्या प्रॅक्टिकलपर्यंत थोडा वेळ मोकळा मिळे. तो तिनं वाचनालयासाठी ठेवला होता, कारण घरी आल्यावर दुकानातही हात लावावा लागे. पण तो मोकळा वेळ आता तुळशीबागेत जाऊ लागला. एकेका काठाचा रंग जुळवता जुळवता प्रॅक्टिकलची वेळ टळून जायची. ती घामाघूम होऊन कॉलेजात परत यायची तेव्हा मुली हात धूत असायच्या.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला देठाचा पातळ काप काढायचा असे. इतका पातळ, की काचेवर ठेवल्यावर आरपार दिसावा. हात बसल्याशिवाय ते जमत नाही आणि तिचा हात बसायला वेळच मिळाला नव्हता. तिचे काप भाजी चिरल्यासारखे जाड निघत. एक दिवस बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"अशीच हजेरी राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. घरी काही अडचण आहे का?"

"नाही," उम्मेहानी म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिला कुणीच अडवत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली, तर मदिना तांदूळ निवडत बसली होती.

"पलीकडच्या घरातल्या बायाला साडीचा काठ पायजे. उद्या बघशील?"

"अम्मा, मला नाही जमणार. माझे तास बुडतायत."

मदिनाचा हात सुपात तसाच थांबला.

"तू जायला लागलीस तवा मला लय भ्या वाटायचं. लोक काय म्हनतील, पोरगी एकटी जाती-येती. पन या बायांनी तुला एका शब्दानं नावं ठिवली न्हाईत. उलट कुनी वाकडं बोललं तर पुतळाबाई भांडली. त्यांना मी कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

उम्मेहानीला हे माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, अम्माला नुसता मोठेपणा मिळवायचाय. रागावून आलेली ती तिथंच बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

रविवारी ती पुतळाबाईंच्या ओट्यावर गेली. काप, हजेरी, परीक्षा, सगळं सांगितलं. आता मावशी दुखावणार, अशीच तिची समजूत होती.

पुतळाबाईंनी तोंडातलं पान थुंकलं. "मंजी तू आमच्यापायी तास बुडवतीस? आगं, आमाला वाटलं, कालेज मंजी सकाळी बसायचं आन मग फिरायचं. कवा बोलली न्हाईस ती?"

त्या उठल्या आणि तशाच मदिनाकडं गेल्या. "भाभी, पोरीला कशाला धाडायचं? आपुनच जाऊ की पुन्याला."

मदिना पुण्याला दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा आजारी नवऱ्याबरोबर दवाखान्यात. ती नूरमहंमदकडं बघू लागली. त्यांनी तराजू खाली ठेवला.

"जा की. त्यात काय इचारायचं? दुकान मी बघतो."

बाजार नसलेल्या एका दिवशी मदिना, पुतळाबाई, बाया आणि पेठेतल्याच अंबूबाई सकाळच्या गाडीत बसल्या. शिवाजीनगरला उतरल्यावर उम्मेहानीनं त्यांना रस्ता समजावला आणि नदीवरच्या पुलापर्यंत सोडलं. चौघी एकमेकींचा पदर धरून पुढं निघाल्या. मदिना सगळ्यांत पुढं होती.

उम्मेहानी त्या दुपारी वाचनालयात बसली, मग वेळेवर प्रॅक्टिकलला गेली. काप काही लगेच पातळ आले नाहीत, पण शेवटचा एक बरा निघाला. बाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मान डोलावली.

संध्याकाळी स्टेशनवर चौघी गाठोड्यांवर बसल्या होत्या. मदिनाचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि ती एकसारखी बोलत होती. कुठल्या दुकानदारानं फसवायला बघितलं, अंबूबाई कशी चुकली आणि कशी सापडली. आई इतकं बोलते, हे उम्मेहानीनं कधी पाहिलं नव्हतं. गाडीत पुतळाबाईंनी दटावून तिला खिडकीची जागा करून दिली.

"गप बसा गं जरा. पोरीला वाचू द्या."

बायका कुजबुजू लागल्या. उम्मेहानीनं पुस्तक उघडलं, पण तिचं सगळं लक्ष त्या कुजबुजीकडंच होतं.

पुढं त्या दर महिन्याला जाऊ लागल्या. अगदी निकडीचं औषध तेवढं उम्मेहानी आणायची. हजेरी भरली, हात बसला आणि त्या वर्षी ती दुसऱ्या वर्गात पास झाली. निकाल कळला तसं तिनं स्टेशनवरूनच पेढे घेतले. अम्माला दिले आणि लगेच शेजारी गेली.

"मावशी, तुम्ही त्या दिवशी उठला नसता तर मी परीक्षेला बसलेच नसते. तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझं कसलं आलंय उपकार?" पुतळाबाई पेढा मोडत म्हणाल्या. "इतकी वर्सं हितं काढली, पुनं कदी बघितलं न्हवतं. तुझ्यामुळं बघितलं. बस, च्या टाकते."

उम्मेहानी ओट्यावर बसली. घाई कसलीच नव्हती. आतून स्टोव्हचा आवाज येऊ लागला आणि ती निवांत चहाची वाट बघत राहिली.