आजारी पडण्याची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना, रोगट टोमॅटोचा वाण आहे. 'रोगट' ही शिवी नव्हे, तो माझा हुद्दा आहे. तुमच्या घरची मोठी माणसे वेळेवर कामाला जातात, तसा मी वेळेवर आजारी पडत असे. इतक्या वर्षांत माझा एकदाच खाडा झाला आणि तोही माझ्यामुळे नव्हे.

एके काळी नारायणगावच्या आसपास मी बऱ्याच रानांत दिसायचो. पण चार दिवस धुके पडले की गावात पहिला करपा मला व्हायचा. आधी पानावर काळा ठिपका आणि मग आठवड्यात सगळे झाड उकडल्यासारखे. लोकांनी मला सोडून दुसरे वाण धरले. शहाणपणाच केला त्यांनी.

पुढे प्रतिभाताई नावाच्या तरुण शास्त्रज्ञ तिथे आल्या. करप्याला दाद न देणारा टोमॅटो त्यांना तयार करायचा होता. पण आल्या आल्या त्यांनी विचारले, "सगळ्यांत आधी करपणारा वाण कुणाकडे आहे?" अख्ख्या गावाने माझ्याकडे बोट दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा माझी निवड झाली.

काम सोपे होते. नव्या वाणांच्या ओळींमध्ये मधूनमधून माझी ओळ लावायची आणि कुणालाच औषध मारायचे नाही. मी करपायचे आणि तो करपा वाऱ्यावर शेजाऱ्यांना वाटायचा. त्यातूनही जो हिरवा राहील, त्याचे बी ताई पुढे चालवायच्या. बहुतेक शेजारी माझ्या संगतीने बिघडले. काही दोन वर्षे ताठ उभे राहिले आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी मान टाकली. ताई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. मोठमोठ्या परिषदांत पडद्यावर फोटो लागे, त्यात एक टवटवीत झाड आणि शेजारी कोळसा झालेला मी. टाळ्या त्या झाडाला पडत. निम्म्या मी माझ्या समजत असे.

अखेर एक वाण माझ्या शेजारी राहूनही बिघडेना. तोवर ताईंची निवृत्ती आली होती. शेवटच्या हंगामात त्यांनी गोरख नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्या वाणाची परीक्षा घेतली. ती पार पडली तर ते बी शेतकऱ्यांच्या हाती जाणार होते. नाही तर कपाटात राहणार होते, कारण ताईंच्या मागे हे काम पुढे न्यायला कुणी नेमलेले नव्हते.

"कुठल्याच ओळीला औषध नाही, मधल्या ओळींना तर नाहीच," ताईंनी गोरखला बजावले. गोरखने मान डोलावली आणि कांदा घेऊन तो मंचरच्या बाजाराला गेला. घरी आईला सांगायचे तेवढे राहिले.

त्याची आई साळुबाई. तिने माझ्या पानांवरचे ठिपके पाहिले आणि तिला माझी दया आली. पाठीला पंप लावून तिने मला, फक्त मला, दोनदा औषध मारले. मित्रांनो, मी बरा झालो. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

गोरखला घेऊन ताई रानात आल्या. सगळे रान हिरवेगार. त्यांनी वही मिटली आणि त्या बांधावर बसल्या.

"ताई, मधली झाडं लई मरगळली व्हती," साळुबाई कौतुकाने म्हणाली. "आता बगा कशी तरतरीत झाली."

"आये, ती आजारी पडायलाच लावली व्हती," गोरख म्हणाला.

"आजारी पडायला? मग त्यांना पानी कशाला घालतो रं रोज?"

ताईंना हसू आले. त्यांनी साळुबाईला जवळ बसवले. "हा आजारी पडला नाही ना, तर शेजारचा स्वतःच्या बळावर उभा आहे, की यंदा करपाच आला नाही, हे कळायचं कसं?"

साळुबाई माझ्याकडे वळली. "म्हंजे ह्यो बिचारा दुसऱ्याच्या परीक्षेला बसतो व्हय. मला आधी सांगायचं न्हाई का?"

हंगाम अजून बाकी होता. झड लागली. पानांवरचे औषध धुऊन गेले आणि नवी पालवी उघडीच होती. साळुबाई आता रोज सकाळी माझी पाने उलटून बघायची आणि "आज तरी काय झालंय का?" असे विचारायची. बाकीच्या रानांत लोक करपा येऊ नये म्हणून धडपडत होते. ही एकटी वाट बघत होती. शेजारची मंगल तिला म्हणाली, "साळुबाई, डोकं ठिकाणावर हाय ना?"

मग एका सकाळी ठिपका दिसला. साळुबाईने ताईंना फोन लावला. "ताई, पडला आपला. लई झ्याक पडलाय."

मी जीव ओतून करपलो. सगळा करपा शेजाऱ्याला दिला, हात राखला नाही. तो हिरवाच राहिला. यंदा त्याचे बी गावोगाव गेले आहे.

माझे थोडे बी ताईंनी थंड कपाटात जपून ठेवायला लावले, कारण पुढच्या शास्त्रज्ञालाही कुणीतरी आजारी पडणारा लागेलच. उरलेले त्यांनी साळुबाईला दिले. मी आता तिच्या परसात आहे. मित्रांनो, एखाद्याची काळजी जरूर घ्या, फक्त आधी विचारत जा. परवा माझ्या पानावर ठिपका आला, तेव्हा साळुबाईने आधी फोन केला.

"ताई, आता मारू का औषध?"

"मारा, साळुबाई. तोही निवृत्त झालाय."