शिंगावरचे शब्द

जुन्या नॉर्स देवांना मानणारं ते मंडळ लोर्नाच्या परसात जमलं होतं. ओडिनच्या नावानं मधाच्या दारूचं शिंग हातोहात फिरत होतं. शिंग हातात घेऊन बोललेलं बाहेर जायचं नाही, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी लोर्नानं ते शिंग हातात धरून आपल्या मेलेल्या मुलाची माफी मागितली होती. आणि आता मंडळातल्याच कादंबरीकार मेरेडिथच्या नव्या पुस्तकातला राजा लोर्नाच्याच शब्दांत रडत होता. वाचताना लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आता शेजारी बसून मेरेडिथनंच शिंगासाठी हात पुढे केला.

"लाज कोळून प्यायलीस का गं?"

"अगं, नावं बदललीत मी!"

"नावं बदललीस आणि माझं रडणं तेवढं तसंच ठेवलंस!"

लोर्नानं शिंग जमिनीवर उपडं केलं आणि रिकामं तिच्या हातात कोंबलं.

"बोल. या वेळी स्वतःचं काहीतरी बोल."